तपासून देत नाहीत, मग जायचं कशाला?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांकडून पहिल्या सेमिस्टरला हमखास ऐकू येणारी तक्रार: "मॅडम, रायटिंग सेंटरला जाऊन आलो. समोर माझ्यापेक्षा लहान मुलगी. तिनं काही तपासून दिलंच नाही, उलट मलाच प्रश्न विचारत बसली." रायटिंग सेंटर म्हणजे विद्यापीठातलं लिखाणाला मदत करणारं केंद्र. तिथे ट्यूटर म्हणून बहुधा विद्यार्थीच बसतात.

असाच एक सांगलीकडचा विद्यार्थी (ओळखीचे तपशील बदलले आहेत). विषय पब्लिक पॉलिसी, ठिबक सिंचनाच्या अनुदानावर सहा पानांचा पेपर, ग्रेड बी मायनस. इंग्रजीतलं 'ए' कुठे आणि 'द' कुठे, यानं तो हैराण. मराठीत ही भानगडच नाही, त्यामुळे चुका होत्याच. पण प्राध्यापकांचा शेरा एवढाच होता: तुमचं म्हणणं काय?

"त्या मुलीनं काय विचारलं?"

"तेच. तुला नक्की काय म्हणायचंय? मी सांगितलं, ठिबकचे फायदे खूप आहेत. तर म्हणे, बरं, मग?"

"आता मला मराठीत सांग. ठिबकचं काय?"

"अहो मॅडम, अनुदान मिळतं संच बसवायला. पण ठिबकला तासन्‌तास एकसारखं प्रेशर लागतं. आमच्याकडे शेतीची लाईट येते रात्री, तीही मध्येच जाते. मग लाईट आली की लोक पाटानं पाणी सोडून मोकळे होतात. नळ्या बांधावर गुंडाळलेल्या."

"हे कितव्या पानावर आहे?"

स्क्रीनवर बराच वेळ शांतता. अशा वेळी गप्प बसता येणं, हे आम्हा समुपदेशकांच्या कामातलं सगळ्यात उशिरा येणारं कसब.

"कुठंच नाही."

खरी गाठ इथे होती. लाईटचं बोलणं त्याच्या लेखी घरचं, पेपरात शोभणारं नव्हे. आणि आपल्याकडे मदत म्हणजे तपासणी: वही द्यायची, लाल शाईची परत घ्यायची. तिथे कोणी प्रश्न विचारला की तोंडी परीक्षाच वाटते.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं १९७० मध्ये शहरातल्या हायस्कूल उत्तीर्णांना सरसकट प्रवेश खुला केला. तेव्हा तिच्याच ब्रुकलिन कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक केनेथ ब्रफी यांना दिसलं, की शिक्षकांची मदत मुलं टाळतात, कारण तीही वर्गासारखीच वाटते. बरोबरीच्या मुलांची घेतात. लिहिणं म्हणजे आधी झालेलं बोलणं कागदावर आणणं, ही त्यांची मांडणी. समुपदेशनाच्या खुर्चीत बसणाऱ्याला ती वेगळी पटवावी लागत नाही.

तेव्हा जाताना हे सांभाळा. सबमिशनच्या आदल्या रात्री जाऊ नका. चार-पाच दिवस हातात हवेत, नाहीतर मुद्दा बदलायला वेळ नसतो आणि सगळं स्वल्पविरामांवर येऊन थांबतं. असाइनमेंटचा कागद बरोबर न्या. तो नसेल तर ट्यूटर अंदाजानं बोलते. "जरा बघून दे" म्हणू नका, "दुसऱ्या पानावर माझा मुद्दा पोचतो का?" असं विचारा. परिच्छेद मोठ्यानं वाचा, अडखळाल तिथे खूण करा. पेन मात्र तुमच्याच हातात राहू द्या, तिनं वाक्य लिहून दिलं तर ते तिचं होतं, आणि "ही कॉपी तर नाही ना?" ही धास्ती तिथूनच सुरू होते. ग्रामर शेवटच्या दहा मिनिटांत, तेही एकाच प्रकारच्या चुकीचं. पहिल्या दोन-तीन जागा दोघांनी शोधायच्या, बाकीच्या तुम्ही एकट्यानं. तिला तुमचा विषय येत नाही, हा फायदाच समजा. आकडे आणि संकल्पना बरोबर आहेत का, हे मात्र प्राध्यापकांनाच विचारायचं.

हा विद्यार्थी पुढच्या पेपरसाठी त्याच मुलीकडे गेला, लाईटचं ते एक वाक्य घेऊन. पाट म्हणजे काय, हे तिला कळेपर्यंत दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत तो जे बोलला, तेच त्याचं पहिलं पान झालं.