संमती आणि शरणागती

प्रश्न : मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिंगभाव आणि लैंगिकता यांविषयीच्या कायद्यात संशोधन करण्याची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, "वकिली कर, लेख लिहून कोणाला न्याय मिळतो?" त्यांना काय सांगू?

उत्तर : त्यांना १९७९ सालच्या एका पत्राची हकीकत सांगा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले; परंतु 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा अर्थ लावून त्यांना सोडून दिले. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमतीत शरणागती असते, पण प्रत्येक शरणागतीत संमती असतेच असे नाही, हा त्याचा गाभा. स्त्रियांच्या संघटनांनी ते पत्र रस्त्यावर नेले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे सांगणारे कलम ११४-अ पुरावा कायद्यात आले. त्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र बदलला नाही, आणि ही गोष्ट या क्षेत्रात येणाऱ्याने कधीही विसरू नये.

मार्ग सरळ आहे : एलएलएम, नेट, पीएचडी, मग अध्यापन. धीर मात्र मोठा हवा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंडसंहितेतील कलम ३७७ विषयी दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये असे संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला; २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने आपली चूक सुधारली.

विषय निवडताना तुमच्या मराठीचा उपयोग करा, असा माझा आग्रह आहे. आपल्याकडे खालच्या न्यायालयांत साक्ष बहुधा मराठीत नोंदवली जाते आणि अपिलात तिचे इंग्रजी भाषांतर वाचले जाते. उलटतपासणीत एखादी बाई "मी काही बोलले नाही" असे म्हणते, तेव्हा त्या वाक्यात भीती असते, लाज असते, कधी नुसता थकवा असतो; भाषांतरात त्यातले काय उरते आणि निकालपत्रात त्याचे काय होते, हे मूळ साक्ष आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून तपासण्याजोगे आहे. पीएचडीसाठी यापेक्षा चांगला विषय मला तरी सुचत नाही.