सगळी एन्झाइम्स एकदम नकोत, तीन पुरे

स्तनाच्या कर्करोगातली पेशीपृष्ठावरची एन्झाइम्स अभ्यासायची ठरवलीत, छान! पण यादी पाठ करत बसू नका. सुरुवातीला तीनच घ्या:

- एमटी१-एमएमपी (एमएमपी म्हणजे पेशीभोवतीची प्रथिनं कापणारी एन्झाइम्स): पेशीभोवतीचं कोलॅजन कापून वाट काढतं, शिवाय प्रो-एमएमपी-२ ला (एमएमपी-२ चं निष्क्रिय रूप) सक्रिय करतं.
- सीए-९: ऑक्सिजन कमी पडला की वाढतं, बाहेरचा भाग आम्लधर्मी करतं.
- सीडी७३: एएमपीपासून अ‍ॅडेनोसिन बनवतं, त्याने टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) मंदावतात.

नवे लोक हमखास चुकतात ते एका ठिकाणी: आरएनए (प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप) वाढला म्हणजे एन्झाइमचं काम वाढलं, असं धरून चालतात. एमएमपी निष्क्रिय रूपात तयार होतात, वर टिम्प नावाची शरीरातलीच प्रथिनं त्यांना रोखतात. (गंमत म्हणजे एमएमपी-२ सक्रिय व्हायला थोडं टिम्प-२ लागतंच!) म्हणून प्रथिन पृष्ठावर पोचलंय का आणि सक्रिय आहे का, हे वेगवेगळं तपासा. एकाच सेललाइनवरून (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) निष्कर्षही नको. एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्याच दोन सेललाइन्सचं वागणं फार वेगळं आहे.

आणि ‘एन्झाइम रोखलं की कर्करोग थांबला’ असं कुठे वाचलंत, तर मॅरिमास्टॅट या एमएमपी रोखणाऱ्या औषधाच्या चाचण्यांचं काय झालं ते आधी बघा. रुग्णांना सांधेदुखी झाली, फायदा दिसला नाही. एडीएएम हे पेशीपृष्ठावरच्याच एन्झाइम्सचं आणखी एक कुटुंब, ते नंतर, घाई नाही.