सायकलच्या लाइटसाठी ९९०० एमएएचचा सेल घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की पहाटे पाचला साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरचा घाट चढताना लाइट मधेच दम टाकतो आणि ऑनलाइन ९९०० एमएएचचा १८६५० सेल स्वस्तात दिसतोय, तर घेऊ का?

घेऊ नका. मी घेऊन फसलोय.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियमचा सेल, आणि एमएएच म्हणजे त्यात किती वीज मावते त्याचं माप. एवढ्याशा नळीत फार तर साडेतीन-चार हजार एमएएच मावतात. वर ९९०० छापणं म्हणजे लिटरभराच्या तांब्यावर ‘तीन लिटर’ लिहिणं. शंका आली म्हणून माझा सेल ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. २९ ग्रॅम भरला! चांगला सेल ४४ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. “मोडीत घालायचाय का?” असं त्यानं विचारलं ते वेगळंच.

नावाजलेल्या कंपनीचा, खरोखर ३००० एमएएचचा सेल घ्या. ३००० एमएएच म्हणजे ३ अँपिअर-तास. सेलचे ३.७ व्होल्ट गुणिले ३, म्हणजे ११ वॉट-तास. लाइट ३ वॉट ओढत असेल तर सगळी तूट धरूनही तीनेक तास चालतो. तोवर तुम्ही कासला पोचून चहा प्यायला बसला असाल. शिवाय चढाला वेग तो काय, तिथे मंद प्रकाश पुरतो. मात्र आत सुरक्षा-सर्किट असलेला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो. आपल्या लाइटमध्ये बसतो का, ते आधी बघा.

मागच्या लाल दिव्यात पेन्सिल सेल असतील तर रिचार्जेबल निकेलचे चालतात. १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देतात, पण बहुतेक दिव्यांना त्याचं काही वाटत नाही. बदलताना जोडीनं बदला. नवा खोंड आणि म्हातारा बैल एका जुवाला जुंपला की म्हातारा आधी बसतो, तसंच इथे होतं.

आता निगा. आपल्याकडचा पाऊस लागला की सायकल दोन-दोन महिने भिंतीला टेकून असते. एका वर्षी मी जूनमध्ये सेल पार उतरवला आणि लाइटमध्येच ठेवून दिला. कासच्या फुलांसाठी सप्टेंबरात काढला, तर १.९ व्होल्ट! इतका खाली गेलेला लिथियमचा सेल पुन्हा चार्ज करून वापरायचा नसतो, आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून ठेवताना निम्मा चार्ज करून, लाइटमधून काढून, घरात कोरड्या जागी ठेवा. स्कूटरच्या डिकीत नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते.

चार्जिंग जागेपणी करा, उशाशी लावून झोपू नका. पावसातून आल्यावर पोर्ट पूर्ण वाळल्याशिवाय वायर खुपसू नका. आणि मेलेला सेल घंटागाडीत टाकू नका. चेपला गेला तर कचरा पेटतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.