उधारीचं किट, व्हिडिओतलं मिश्रण की सुटी खतं?

प्रश्न : राळेगाव तालुक्यात आमचं सात एकर कोरडवाहू वावर आहे. पाच एकर कपाशी, दोन एकर सोयाबीन. गावचा कृषी केंद्रवाला कपाशीला एकरी एक बॅग १०:२६:२६, एक बॅग युरिया आणि २,३०० रुपयांचं एक किट (ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्य, टॉनिक) द्यायला तयार आहे. पैसे डिसेंबरात, कापूस विकल्यावर. व्याज महिना ३ टक्के. दुसरं म्हणजे, मी एक परदेशी व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस विद्राव्य खतं ठोकात आणून घरीच मिसळतो आणि गांजाच्या झाडांना देतो, महागड्या बाटल्यांचा खर्च वाचवतो. नागपूरहून १९:१९:१९, कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट आणून कपाशीसाठी तसं मिश्रण करावं, उरलेलं शेजाऱ्यांना विकावं असं वाटतं. त्याला १८,००० लागतील. बँकेत ३५,००० आहेत. पीककर्ज दोन वर्षांपूर्वी फेडलं, बाबा नवं घेऊ देत नाहीत. माती परीक्षणाचा कागद आणि दुकानातले भाव सोबत पाठवतो.

उत्तर : भाऊ, तुम्ही दोन पर्याय विचारले, मी तिसरा सांगतो. सुटी खतं घ्या, वावरातच मिसळा, आणि पैसा बँकेच्या पीककर्जाचा वापरा, दुकानदाराचा नको. आता हिशेब.

खताचा भाव बॅगेवर काढायचा नसतो, आतल्या अन्नद्रव्याच्या किलोवर काढायचा असतो. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना येते, त्यात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे २०.७ किलो. नत्र पडलं १३ रुपये किलो. तुमच्या भावाने पोटॅशची बॅग १,७५० ला, त्यात ३० किलो पालाश (पोटॅशियम). किलोला ५८ रुपये. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) १,३५० ला, त्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद (फॉस्फरस). नत्राचे ११७ रुपये वजा केले की स्फुरद साधारण ५४ रुपये किलो.

हेच तीन आकडे घेऊन १०:२६:२६ ची बॅग मोजू. त्यात ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद, १३ किलो पालाश. सुट्या खतांच्या भावाने हा माल १,५२० रुपयांचा होतो. तुम्हाला सांगितले १,९००. म्हणजे कारखान्याने मिसळून दिल्याबद्दल बॅगेमागे ३८० रुपये. प्रत्येक दाण्यात तिन्ही अन्नद्रव्यं सारखी येतात, पेरताना सोपं जातं, हा फायदा खरा आहे. पण पाच एकरांच्या कास्तकाराने त्यासाठी १,९०० रुपये जास्तीचे मोजावेत, असं मला वाटत नाही.

आता तुमचं आवडतं १९:१९:१९. पंचवीस किलोची बॅग ३,००० रुपये. त्यात प्रत्येकी पावणेपाच किलो नत्र, स्फुरद, पालाश. सुट्या खतांच्या भावाने किंमत ५९३ रुपये. पाचपट पैसे कशाचे, तर ते पाण्यात पूर्ण विरघळतं याचे. ठिबक असेल, संत्र्याची बाग असेल, तर तो खर्च समजू शकतो. तुमच्याकडे ठिबक नाही, विहीर नाही. वावरात पाऊस पडेल तेव्हाच पाणी.

त्या व्हिडिओतल्या माणसाचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. तो बंद खोलीत, दिव्यांखाली, नारळाच्या भुश्शाच्या कुंडीत झाड वाढवतो. त्या भुश्शात खाऊ फारसा नसतो, कॅल्शियमपासून मॅग्नेशियमपर्यंत सगळं पाण्यातूनच द्यावं लागतं. तयार बाटल्यांपेक्षा सुटी पावडर स्वस्त पडते, म्हणून तो मिसळतो. (आपल्याकडे परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणंच १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, ते वेगळं.) तुमची काळी कसदार जमीन आहे, कुंडी नाही. तुमच्या कागदावर पालाशाच्या रकान्यात ‘अत्यंत जास्त’ लिहिलंय, ते तुम्ही वाचलंच नाही असं दिसतं. जे जमिनीत भरपूर आहे, तेच तुम्ही १९:१९:१९ मधून सोन्याच्या भावाने विकत घेणार होतात. आणि एक : कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच बादलीत घट्ट कालवले, तर तळाशी पांढरा साका बसतो. तो जिप्सम असतो. पंपाचं नोझल तुंबतं ते त्यानेच.

शेजाऱ्यांना विकायचा विचार तर आजच सोडा. खताचं मिश्रण करून विकायला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. विनापरवाना विकलं तर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. दोनचारशे रुपयांच्या नफ्यापायी ठाण्याच्या चकरा कोण मारणार? शेजाऱ्यासोबत अर्धी अर्धी बॅग वाटून घ्या, ते चालतं.

तुमच्या कागदावर कोरडवाहू कपाशीला एकरी २४:१२:१२ ची शिफारस आहे. पाच एकरांना १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ६० पालाश. पालाश जमिनीत इतका असल्यावर मी निम्माच धरतो; कृषी सहायकाला कागद दाखवून खात्री करून घ्या. मग लागतं काय : अडीच बॅग डीएपी ३,३७५ रुपये, पाच बॅग युरिया १,३३३, एक बॅग पोटॅश १,७५०. एकूण ६,४६० च्या आसपास. डीएपीची उरलेली अर्धी बॅग सोयाबीनला जाईल. कृषी सहायक म्हणाले पालाश पुरता द्या, तर आणखी एक पोटॅश धरा, ८,२०० होतील.

दुकानदाराचं बिल मांडून पाहा. पाच बॅग १०:२६:२६ चे ९,५००, युरियाचे १,३३३, किटचे ११,५००. बेरीज २२,३३३. महिना ३ टक्क्यांनी जून ते डिसेंबर सहा महिन्यांचं व्याज १८ टक्के, म्हणजे आणखी ४,००० रुपये. डिसेंबरात तुम्ही साधारण २६,३५० मोजणार. माझ्या हिशेबापेक्षा १९,९०० रुपये जास्त. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने अडीच क्विंटल कापूस तिकडे वळला. तोही हमीभाव मिळाला तर. गावात खताची उधारी असलेला माणूस कापूस कुठे घालतो आणि काटा कोणाचा असतो, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

किटबद्दल एकच. तुमच्या कागदावर जस्त ‘कमी’ आहे, तेवढं खरं दुखणं आहे. त्यासाठी झिंक सल्फेट एकरी १० किलो वेगळं घ्या, ते दोनतीन हंगाम पुरतं. डीएपीत मात्र मिसळू नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना बांधून टाकतात. टॉनिकच्या बाटलीवर किती टक्के काय आहे ते लिहिलेलं नसेल, तर तिचा हिशेबच करता येत नाही, आणि ज्याचा हिशेब होत नाही त्यावर मी पैसे लावायला सांगत नाही. फुलं लागताना २ टक्के युरिया आणि बोंडं भरताना २ टक्के डीएपी फवारा. पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. डीएपी रात्री भिजत घालायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं.

मिसळण्याची कला फार मोठी नाही. ताडपत्रीवर डीएपी आणि पोटॅश ओतायचं, पेरणीच्या वेळचा युरिया वरून टाकायचा, फावड्याने दोनदा उलटसुलट करायचं आणि त्याच दिवशी वावरात घालायचं. राहिलेला युरिया महिन्याभराने, डवरणीच्या (ओळींमधल्या कोळपणीच्या) वेळी, ओल असताना, मातीआड. उघड्यावर फेकलेला युरिया हवेत जातो. राख किंवा चुना यात अजिबात नको.

डीएपी मिळालंच नाही तर? मिरगात ते मिळत नाही हे दरवर्षीचंच रडगाणं आहे. सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. तुमच्या भावाने ५८० ची बॅग, त्यात ८ किलो स्फुरद, म्हणजे किलोला ७२ रुपये. बॅग स्वस्त दिसते, स्फुरद महागच पडतं. पण बॅगेमागे साडेपाच किलो गंधक येतं, आणि तेलबियांना ते हवंच असतं, म्हणून सोयाबीनला त्या अर्ध्या बॅग डीएपीनंतरचं बाकी स्फुरद मी तसंही सुपर फॉस्फेटमधूनच सुचवीन. कपाशीला पूर्ण यावरच भागवलं तर साडेसात बॅग सुपर, सहा बॅग युरिया, एक पोटॅश, साधारण ७,७०० रुपये. हमाली वाढेल. शिवाय सुपर आणि युरिया मिसळून ठेवलं की त्याचा चिखल होतो. कालवलं की लगेच संपवा.

‘डीएपी हवं तर किट घ्यावंच लागेल’ असं कोणी म्हणालं, तर त्याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. मशीनवर अंगठा द्या, पक्कं बिल मागा, आणि अडवलं तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. तोंडी तक्रार गावातच विरते.

राहिला पैसा कुठून काढायचा हा प्रश्न. बाबांची भीती मी खोटी म्हणणार नाही. ज्याने कर्जाचे दिवस पाहिले तो असंच बोलतो. पण तुमचं खातं आज स्वच्छ आहे, आणि पीककर्ज ३ लाखांपर्यंत केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरून शून्य टक्क्याने पडतं. अट एकच, मुदतीत, म्हणजे ३० जूनच्या आत पूर्ण फेडायचं. एक दिवस चुकला तर शून्य टक्क्याची सवलत गेली आणि व्याज लागलं. त्यामुळे बँक जास्त मर्यादा देते म्हणून सगळी उचलू नका. खत, बियाणं, फवारणी यांना लागेल तेवढंच काढा. कापूस विकला की जानेवारी-फेब्रुवारीतच भरून टाका. कर्जमाफीच्या बातम्या ऐकून हात आखडता घेणारे नंतर ना माफीत बसतात, ना नव्या कर्जात.

मग ३५,००० चं काय, तर त्याला हात लावू नका. जूनमध्ये दोन पाऊस पडून तीन आठवडे उघडीप पडली तर दुबार पेरणीचं बियाणं तुम्हाला त्यातूनच घ्यावं लागेल, आणि नेमकं त्याच वेळी उधारीवाल्याचा दर वाढलेला असतो. त्यातून फक्त पीकविम्याचा हप्ता काढा. कपाशीला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, सोयाबीनला २ टक्क्यांपर्यंत. कर्ज घेतलं म्हणून विमा आपोआप होईल असं धरून चालू नका, २०२० पासून तो कर्जदारालाही ऐच्छिक आहे. बँकेत सही करतानाच विचारा, आणि बाबांना सोबत न्या. शून्य टक्क्याचा नियम त्यांनी शाखेतल्या माणसाच्या तोंडून ऐकलेला बरा.