एनएचएल (अमेरिका-कॅनडातली बर्फावरच्या हॉकीची लीग) ड्राफ्टमध्ये सगळ्यात भारी प्लेयर घ्यावा की टीमला ज्याची गरज आहे तो?

तुमचा प्रश्न असा की टीमकडे डिफेन्स नाही हे शेंबड्या पोरालाही दिसतंय, तरी ड्राफ्टमध्ये वरचा पिक, म्हणजे नवी पोरं निवडायची आधीची पाळी, मिळाला की परत फॉरवर्डच का उचलतात, आयपीएलमध्ये तर जिथे भोक तिथेच पैसे ओततात.

माझं मत सरळ आहे, पहिल्या दहा-पंधरा पिकात तरी भारी प्लेयर घ्यावा, गरज नंतर ट्रेडने भागवावी. आयपीएलच्या लिलावात माणूस तयार असतो, आज घेतला की येत्या सीझनला खेळतो. आपल्या हॉकी इंडिया लीगचंही तेच, सूरमाने हरमनप्रीतला ७८ लाख मोजले ते काय चार वर्षांनी ड्रॅग फ्लिक मारेल म्हणून नाही. एनएचएलचा ड्राफ्ट म्हणजे अठरा वर्षांची पोरं, त्यातली बहुतेक परत ज्युनियरला, कॉलेजला नाहीतर युरोपात जातात आणि दोन-तीन-चार वर्षांनी उगवतात, तोपर्यंत कोच बदललेला असतो, अर्धी टीम बदललेली असते आणि आज जी गरज म्हणून बोंब चाललीय ती शिल्लक असेलच असं नाही.

२०१३ चा ड्राफ्ट बघा. पहिला पिक कोलोरॅडोचा. त्यांच्याकडे सेंटर, म्हणजे मधले फॉरवर्ड, मुबलक, डुशेन, स्टॅस्टनी, ओरायली, आणि डिफेन्सची बोंब. समोर सेथ जोन्स, उंचपुरा डिफेन्समन, स्काउटिंगच्या यादीत उत्तर अमेरिकेत एक नंबर, वर हॉकीला सुरुवात केली तीही डेन्व्हरमध्ये, म्हणजे कोलोरॅडो टीमच्याच गावात. त्याचे वडील पोपाय जोन्स तिथल्या बास्केटबॉल टीममध्ये होते, पोरांना हॉकी खेळायचीय तर काय करू असं त्यांनी कोलोरॅडोचा तेव्हाचा स्टार प्लेयर जो सॅकिकला विचारलं होतं आणि सॅकिक म्हणाला होता की तुमच्याकडे बघता पोरं उंच होणार, स्केटिंग नीट शिकवा. आता हाच सॅकिक २०१३ ला कोलोरॅडोचे निर्णय घेत होता. पिक्चरमध्ये असतं तर जोन्सच घेतला असता! पण सॅकिकने उघड सांगून टाकलं की आम्ही मॅकिनन घेणार, म्हणजे अजून एक सेंटर. मॅकिननने मेमोरियल कपच्या, म्हणजे ज्युनियरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, फायनलला जोन्सच्याच पोर्टलंड टीमविरुद्ध हॅटट्रिक मारली होती. पुढचं माहितीच असेल, २०२२ ला स्टॅनली कप म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, २०२४ ला हार्ट ट्रॉफी म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा प्लेयर.

मग डिफेन्सचं काय झालं? तर जास्तीचा डुशेन २०१७ ला विकला, मॅच चालू असताना त्याला बर्फावरून परत बोलावलं, आणि त्या सौद्यात सॅम्युएल जिरार्ड आला, शिवाय ओटावाचा पहिल्या राउंडचा पिक, ज्यावर २०१९ ला चौथ्या नंबरला बोवेन बायरम घेतला. दोघेही डिफेन्समन. अर्थात हे फुकट नाही होत, डुशेनला जायचंय हे जगाला माहीत होतं, सॅकिक महिनोन्‌महिने अडून बसला आणि मधल्या २०१६-१७ च्या सीझनमध्ये टीमने फक्त ४८ पॉइंट काढले, लोक हसत होते त्याला.

आणि जोन्स? तो चौथ्या पिकला नॅशव्हिलकडे गेला, ज्यांच्याकडे वेबर, योसी असा डिफेन्स आधीच ठासून भरलेला. तरी घेतला. जानेवारी २०१६ ला त्याच्या बदल्यात कोलंबसकडून रायन योहान्सन आणला, एकास एक, त्यांना सेंटर हवा होता तो मिळाला. दोघांचाही प्रॉब्लेम सुटला, कारण भारी माणसाला गिऱ्हाईक कायम असतं.

गरज बघून घेतलं की वाट लागतेच असंही नाही हां. सेंटर गेल्यावर त्याच कोलंबसने जूनमध्ये तिसऱ्या पिकला पुल्युयार्वी हा विंगर (कडेचा फॉरवर्ड) सोडून सेंटर म्हणून डुबॉइस घेतला तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला, पण डुबॉइस सरस निघाला. उलट मॉन्ट्रियलने २०१८ ला सेंटर पाहिजे म्हणून तिसऱ्याला कोट्कानिएमी घेतला, चौथ्याला ब्रेडी टकाचक गेला, सातव्याला क्विन ह्यूज. तीन वर्षांनी कॅरोलायनाने कोट्कानिएमीला ऑफर शीट (दुसऱ्या टीमच्या प्लेयरला थेट कराराची ऑफर) देऊन उचलून नेलं, तोवर ओटावा टकाचकला कॅप्टन करायच्या बेतात होतं.

म्हणून मी म्हणेन की दोन पोरं अगदी सारखीच वाटत असतील तरच गरज बघा, आणि तशा वेळीही विंगरपेक्षा सेंटर किंवा डिफेन्समन घ्या, कारण बाजारात तेच महाग पडतात.

गोलीचं (गोलकीपरचं) मात्र वेगळंच गणित आहे, तिथे गरज असली तरी वरचा पिक घालवू नये असं मला वाटतं. पुढे भारी निघालेले दोन गोली बघा, २०१२ ला वासिलेव्स्की एकोणिसाव्याला मिळाला आणि हेलबक तर विनिपेगला पाचव्या राउंडला, १३० व्या नंबरला.