‘कशावरून?’ विचारायला शिकवताना

माध्यमिक वर्गांना शिकवणाऱ्यांकडून आणि पालकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं लांब होती, इथे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : नववीच्या वर्गाला ‘ज्ञान म्हणजे काय?’ असं विचारलं. बराच वेळ शांतता. मग दोघांनी पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवली. सुरुवात करायची तरी कुठून?

व्याख्येपासून नको. त्या प्रश्नात मुलांच्या हाताला लागेल असं काहीच नाही. ज्याची त्यांना पक्की खात्री आहे असं एक साधं विधान घ्या आणि ‘हे कशावरून?’ एवढंच विचारा. भिंतीवरचा जगाचा नकाशा यासाठी उत्तम. मात्र तो मर्केटर प्रक्षेपणाचा हवा. (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत; ही रीत मर्केटर या नकाशाकाराची.) त्याची खूण सोपी आहे : अक्षवृत्तं सरळ आडवी असतात आणि ध्रुवांकडे जावं तसं त्यांच्यातलं अंतर वाढत जातं.

पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या : ग्रीनलंड मोठं की आफ्रिका, अंदाजे किती पट, आणि आपल्याला किती टक्के खात्री आहे. हे मौन गाळू नका. वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाने उत्तर मोठ्याने सांगितलं की बाकीचे त्याच्यामागे जातात आणि त्यांचा स्वतःचा अंदाज तुम्हाला कधीच कळत नाही. मग जोड्या करून ‘कशावरून?’चं उत्तर लिहायला सांगा. बहुतेक ठिकाणी ‘नकाशात तसं दिसतं’ असंच येईल. ते खोडू नका. तोही एक पुरावाच आहे, फक्त तपासलेला नाही.

आता पृथ्वीगोल पुढे आणा. साधारण ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ग्रीनलंड सहाएक सेंटिमीटर लांब भरतं आणि आफ्रिका उत्तर-दक्षिण एकोणीसच्या आसपास. ट्रेसिंग पेपरवर ग्रीनलंड उतरवून कापा आणि त्याच गोलावरच्या आफ्रिकेवर तो तुकडा सरकवत किती वेळा बसतो ते मोजा. गोल पृष्ठभागावर कागदाला सुरकुत्या पडतात, त्यामुळे प्रत्येक गटाची मोजणी थोडी वेगळी येईल. आफ्रिकेचं क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे आणि ग्रीनलंडचं सुमारे २१.७ लाख, म्हणजे उत्तर चौदाच्या जवळ यायला हवं. एखाद्या गटाचं ११ आलं आणि दुसऱ्याचं १७, तरी बिघडत नाही. फरक का पडला हे त्यांनाच शोधू द्या. मोजमापालाही चूक असते, हे तिथे न सांगता कळतं.

खरा धडा शेवटच्या पंधरा मिनिटांत आहे. इथे घाईत ‘नकाशा खोटा आहे’ असं म्हटलं की सगळं फुकट गेलं. मर्केटरने हे प्रक्षेपण १५६९ मध्ये केलं ते खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत काढता येतो. कोन जपायचे तर आकारमान सोडावं लागतं : ६० अंश अक्षवृत्तावर लांबी दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट, आणि ७५ अंशांवर क्षेत्रफळ जवळजवळ पंधरापट. दिशा शोधण्यासाठी तो नकाशा आजही बरोबर आहे, देशांचे आकार ताडून बघण्यासाठी नाही. तेव्हा ‘नकाशा बरोबर की चूक?’ हा प्रश्न खोडून त्या जागी ‘कशासाठी बरोबर?’ असं फळ्यावर लिहा. मग चिठ्ठ्या परत वाटा आणि विचारा : नव्वद टक्के खात्री लिहिली होती, ती आली कुठून?

एक सावधगिरी. दर आठवड्याला असा धक्का देऊ नका. ‘सहज सुचतं ते उत्तर नेहमी चुकीचं’ एवढाच नियम मुलं यातून पकडतात आणि न विचार करता उलटं उत्तर देऊ लागतात. दर दोन धक्क्यांमागे एक विधान असं ठेवा, की तपासल्यावर ते सर्वांना वाटत होतं तसंच निघेल.

प्रश्न : असे चार-पाच तास घेतले. आता मुलं म्हणतात, ‘विज्ञानही बदलतं, मग कशावरच विश्वास का ठेवायचा? ज्याचं त्याचं मत.’ आमचं कुठे चुकलं?

फार नाही. हा टप्पा येतोच. ‘पुस्तकात आहे म्हणून खरं’ ही फांदी सोडली की मुलं थेट ‘सगळी मतंच’ या फांदीवर उडी मारतात. दोन्हीकडे एक सोय आहे : पुरावा तोलायची मेहनत वाचते. इथेच सोडून दिलं तर मात्र आधीची स्थिती परवडली असती.

‘ज्ञान बदललं’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या सुट्या करून दाखवा.

प्लूटोपासून सुरुवात करा. १९३० मध्ये तो सापडला आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने त्याला बटुग्रह ठरवलं. प्लूटोमध्ये काही बदललं का? काहीच नाही. त्याच्याच आकाराचा एरिस सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं आणि ‘ग्रह कशाला म्हणायचं’ हे ठरवणं भाग पडलं. बदलली ती व्याख्या.

दुसरं उदाहरण न्यूटनचं. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकतो. त्यातला थोडा भाग न्यूटनच्या नियमांनी सुटत नव्हता : शंभर वर्षांत एका अंशाच्या ३६०० भागांपैकी फक्त ४३ भाग. आइनस्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांताने तो हिशेब जुळला. तरी पूल बांधायला न्यूटन पुरतो. जुनं ज्ञान खोटं ठरलं नाही, ते कुठपर्यंत चालतं ती हद्द कळली.

तिसऱ्या प्रकारात समजूत खरोखरच उलटते. त्यासाठी आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाला वेळ द्या. खंड सरकतात हे त्याने १९१२ मध्ये मांडलं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे जुळणारे खडक आणि जीवाश्म त्याच्या बाजूने होते. तरी बहुतेक भूवैज्ञानिकांनी ते मानलं नाही. ‘एकटा शहाणा आणि बाकी जग मूर्ख’ अशी ही गोष्ट रंगवण्याचा मोह होतो, तो टाळा. विरोधकांचा प्रश्न रास्त होता : एवढे खंड ढकलणारं बळ कोणतं? वेगेनरने सुचवलेली बळं फारच अपुरी होती. पुढे समुद्रतळाचं मोजमाप झालं. महासागरातल्या पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना खडकांत चुंबकीय पट्टे आरशातल्यासारखे जुळताना दिसले, १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांनी त्यांचा अर्थ लावला (रांगेपाशी नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन्हीकडे सरकत जातो), आणि थोड्याच वर्षांत बहुतेकांचं मत फिरलं. आता वर्गाला विचारा : १९२० मध्ये न मानणारे चुकले का? १९७० मध्ये न मानणारे? दोन्हींचं उत्तर एकच देणारा मुलगा अजून पुरावा तोलत नाही, बाजू निवडतो आहे. या दोन प्रश्नांवर पूर्ण तास गेला तरी जाऊ द्या.

प्रश्न : मुलं आपल्या मताच्या बाजूचंच शोधतात. त्यावर भाषण नको, काही करून घेता येईल का?

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचा १९६० चा प्रयोग वर्गात वीस मिनिटांत होतो. फळ्यावर २, ४, ६ लिहा आणि सांगा : ‘हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी फक्त हो किंवा नाही म्हणेन. नियमाची खात्री झाली की लिहा.’ तुमचा नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच.

मुलं ८, १०, १२ विचारतात. हो. २०, २२, २४. हो. १००, १०२, १०४. हो. आणि लगेच ‘दोनाने वाढणारे सम आकडे’ लिहून मोकळी होतात. ‘चूक’ म्हटल्यावर खरोखर गोंधळतात, कारण एकदाही ‘नाही’ ऐकलेलं नसतं. तेच दाखवायचं आहे. ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल असं आपल्याला वाटतं ते विचारलंच नाही, तर ‘हो’ कितीही वेळा ऐकून उपयोग नाही. १, २, ३ किंवा ६, ४, २ असं कोणी विचारलं तर तिथे थांबा आणि ते का विचारलंस हे सर्वांसमोर बोलायला लावा.

हा प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. एक, नियम आधी कागदावर लिहून घडी घालून ठेवला नाही, की ‘तुम्ही मधेच बदलला’ असा आरोप होतो. दुसरं, सगळा वर्ग एकत्र खेळला की चौघेच विचारतात. चार-चारचे गट करा आणि प्रत्येक गटाला पाचच वेळा विचारू द्या. मोजून मिळालं की विचार करून विचारतात.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. संकेतस्थळ विश्वासार्ह कसं ओळखायचं याची यादी तिला दिली : मांडणी नीटनेटकी आहे का, ‘आमच्याविषयी’चं पान आहे का, पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग आहे का. यादी पुरी करूनही ती फसली.

यादीनेच फसवलं. त्यातली प्रत्येक गोष्ट फसवणाऱ्याच्या हातात असते. डॉट ऑर्ग कोणालाही घेता येतं.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्र्यू या शिक्षण-संशोधकांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच पानावर वर-खाली वाचत राहिले आणि देखण्या मांडणीला भुलले. तपासनीस मात्र पान उघडलं की लगेच बाहेर पडले, नवीन टॅब उघडून ‘या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात’ ते पाहिलं, आणि कमी वेळात अचूक ठरले. मुलीला तेवढंच शिकवा. संस्थेचं नाव नव्या टॅबमध्ये शोधायचं, कशावरही टिचकी मारण्याआधी निदान पहिल्या पाच निकालांखालच्या ओळी वाचायच्या, मग ठरवायचं. दोन मिनिटांत कळलं नाही तर ते पान सोडून दुसरा स्रोत. सोडून देणं हेही कौशल्यच आहे, आणि शाळेत नेमकं ते शिकवलं जात नाही.

प्रश्न : गणितात याला जागा आहे का?

आहे, दहा मिनिटांची. न² + न + ४१ हे सूत्र द्या. न च्या जागी ०, १, २, ३ घातले की ४१, ४३, ४७, ५३ येतात, सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते. चाळीस उदाहरणं लागोपाठ जुळली. मग ४० घाला : १६८१, म्हणजे ४१ × ४१. गणितात ‘अजून तरी जुळतंय’ याला सिद्धता का म्हणत नाहीत, ते यानंतर फारसं समजवावं लागत नाही.

प्रश्न : याला गुण कसे द्यायचे? ‘दोन्ही बाजू मांडा’ म्हटलं की सगळ्या उत्तरपत्रिकांत ‘परंतु याला दुसरी बाजूही आहे’ हे एकच वाक्य येतं.

तुम्ही त्या वाक्याला गुण देता म्हणून ते येतं. दहा गुण असे वाटून बघा : दावा नेमका मांडला त्याला २, पुरावा आणि त्याचा दाव्याशी असलेला संबंध याला ३, ‘काय दिसलं तर मी माझं मत बदलेन’ याला ३, आणि खात्री पुराव्याच्या मापाची ठेवली याला २. तिसरा भाग पाठ करून लिहिता येत नाही. ‘नवा पुरावा मिळाल्यास’ एवढंच मोघम लिहिलं असेल तर शून्य द्या, कोणता पुरावा ते लिहायला हवं.

खात्रीची सवय लागावी म्हणून महिन्यातून एकदा दहा विधानं द्या. प्रत्येकासमोर खरं की खोटं, आणि ५० ते १०० मधली टक्केवारी. पन्नास म्हणजे निव्वळ नाणेफेक. एका मुलाच्या दहा उत्तरांवरून काही ठरत नाही, आकडा फारच लहान आहे. तीस मुलांची ३०० उत्तरं एकत्र करा, त्यातली ‘९०’ लिहिलेली वेगळी काढा आणि बरोबर किती आली ते मोजा. दहातली नऊ यायला हवीत. सातच आली तर वर्गाला स्वतःबद्दल काहीतरी कळलं. चिठ्ठीवर नाव नको आणि याला गुणही नकोत. गुण ठेवले की मुलं खरी खात्री लिहायचं सोडून तुम्हाला आवडेल तो आकडा लिहितात.