तुमसरची बिनबिल्ल्याची रेसर सायकल: ओळख कुठून सुरू करायची

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. तुमसर तालुक्यातल्या तुमच्या घरच्या माळ्यावर वाकड्या हँडलची एक हलकी सायकल निघाली. तिला हिरवा ऑइल पेंट फासलेला आहे, नाव कुठेच नाही, हँडलखालच्या हेडच्या नळीवर फक्त बिल्ल्याची दोन भोकं आहेत. घरचे सांगतात की आबाजी मँगनीजच्या खाणीत कारकून होते आणि एका इंग्रज साहेबाने विलायतेला परतताना ती त्यांना विकली. मिस्त्रीने चेनव्हील (पायडलजवळचं दातेरी चाक) पाहून ‘लुधियानाची आहे’ म्हटलं, आणि तुम्हाला वाटतं ती इंग्रज कंपनी रॅलेची असावी. मला फोटोंवरून या दोन्हीपैकी एकही पटत नाही. कारण सांगतो.

आपल्याकडे सायकल तीस-चाळीस वर्षं धानाच्या बांधीवरून, खाणीच्या मुरमावरून चालली की तिचं जे जे फिरतं ते ते बदललं जातं. चेनव्हील, पायडल, फ्रीव्हील, चाकं, सीट सगळं तालुक्याच्या दुकानात मिळेल ते बसतं. म्हणून तुमच्या सायकलचं चेनव्हील फक्त शेवटचा मिस्त्री कुठून माल आणत होता एवढंच सांगतं. कारखान्यात झाळून पक्कं केलेलं मात्र कोणी बदलत नाही: नळ्या, त्यांच्या सांध्यावरच्या बाह्या म्हणजे लग, मागचा एक्सल ज्या खाचेत बसतो ते ड्रॉपआउट, पंप अडकवायच्या खुंट्या, ब्रेकचं भोक. आधी हे वाचायचं, मग सुट्या भागांकडे वळायचं.

आधी चाकं बाजूला ठेवा. फोटोत मागे २८ गुणिले दीडची रिम आहे, म्हणजे आपल्या काळ्या गावठी सायकलची, ६३५ मिलिमीटरची. तिचा टायर बीबीकडून (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा एक्सल फिरतो तो सांधा) मागे जाणाऱ्या खालच्या नळ्यांना घासतो आहे, हिरव्या रंगाखालून चकाकणारी खरड स्पष्ट दिसते. एवढ्या जाड टायरसाठी ही फ्रेम बनलेलीच नाही. शिवाय ती रिम दांड्याच्या ब्रेकची आहे, आणि तुमच्या फ्रेमच्या मागच्या आडव्या नळीला कॅलिपर ब्रेकचं भोक आहे. म्हणजे मूळ चाक २७ गुणिले सव्वाचं, ६३० मिलिमीटरचं असेल, नाहीतर २६ गुणिले १ ३/८ चं, ५९० चं. या दोन रिममध्ये त्रिज्येचा फरक २० मिलिमीटर पडतो, तो टेपने सहज कळतो. ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून ड्रॉपआउटमध्ये एक्सल बसतो तिथपर्यंत मोजा आणि आकडा कळवा.

आता ड्रॉपआउट. हा फोटो पाहूनच मी लुधियाना बाजूला ठेवलं. साध्या सायकलला पत्रा दाबून कापलेली पट्टी असते आणि नळीचं टोक चपटं करून तिला जोडलेलं असतं. तुमच्या सायकलचं ड्रॉपआउट जाड आहे, ठोकून घडवलेलं आहे आणि नळीच्या टोकात नीट बसवून झाळलेलं आहे. त्याच्या आतल्या बाजूला रॉकेलचा बोळा फिरवा आणि अक्षरं उमटलेली आहेत का पाहा. इटालियन कॅम्पाग्नोलो, फ्रेंच सिम्प्लेक्स असं नाव तिथे सापडू शकतं. ते ड्रॉपआउट बनवणाऱ्याचं नाव असतं, सायकलचं नाही. पण त्यावरून फ्रेम कोणत्या प्रतीची हे लगेच ठरतं.

उजव्या बाजूच्या, बीबीकडून मागे जाणाऱ्या खालच्या नळीवर रंगाखाली एक गोल कडं उमटलेलं दिसतं, तिथे कधीकाळी पट्टा आवळला होता. स्टँडचा पट्टा असता तर तो डावीकडे असता. बर्मिंगहॅमच्या सायक्लो कंपनीचा जुना गियर बदलणारा डिरेलर याच उजव्या नळीवर बसायचा. ते कडं त्याचं असेल तर तुमची सायकल गियरची होती आणि काळ १९५० च्या आसपासचा म्हणावा लागेल. खात्रीसाठी मागचं चाक काढून दोन्ही ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ११० ते ११४ मिलिमीटर आलं तर एक किंवा तीन-चार गियरचं जुनं हब. १२० आलं तर पाच गियरचं फ्रीव्हील. १२६ आलं तर सहा गियरचं, म्हणजे बऱ्याच नंतरची फ्रेम, आणि मग घरची गोष्ट पुन्हा तपासावी लागेल. मोजण्याआधी हेडच्या नळीभोवती सुतळी घेऊन ती दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का पाहा. जाड हब बसवायला मिस्त्री मागची बाजू फाकवतात. एक बाजू जास्त गेलेली दिसली तर तो आकडा धरू नका.

आता सीटची नळी. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते. सीटचा दांडा काढा आणि व्हर्निअरने नळीच्या तोंडाचं आतलं माप घ्या. चीर आवळून आवळून तोंड दबलेलं असतं, म्हणून चिरेच्या खाली, थोडं आत मोजा. आत पत्र्याची गुंडाळी किंवा पाइपचा तुकडा ठोकलेला असेल तर आधी तो काढा, गावातल्या सायकलींत हे नेहमी निघतं. इंग्रजी नळीचं बाहेरचं माप २८.६ मिलिमीटर असतं. आतून २५.४ आलं तर भिंत १.६ मिलिमीटर जाड, म्हणजे साधं लोखंड. २७.२ आलं तर भिंत ०.७, म्हणजे अर्ध्याहून पातळ. एवढी पातळ नळी साध्या पोलादाची टिकत नाही, तिथे बहुधा रेनॉल्ड्स ५३१ असते. मधला आकडा आला तर मधली प्रत. बाहेरून नेमकं २८ भरलं तर फ्रेंच फ्रेमचा विचार करावा लागेल.

५३१ ही नळी बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १९३५ मध्ये आणली आणि ती मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची असते. तुमच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखलाच्या खाणींतून जे काळं दगड निघतं त्याच धातूने पोलादाला ही ताकद येते. खाणीतल्या माणसाकडे मँगनीज पोलादाची सायकल असणं मला फार आवडलं, म्हणून इथे सांगितलं.

रॅलेचा प्रश्न बीबीच्या आट्यांवर सुटतो. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या बहुतेक सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले होते, बाकी इंग्रज कारखान्यांचे इंचाला २४. रॅलेचा बीबीचा डबाही रुंद असायचा, ७१ किंवा ७६ मिलिमीटर, इतर इंग्रजी फ्रेमचा ६८. रॅलेच्या काही भारी रेसरना मात्र २४ आट्यांचा सर्वसाधारण बीबी होता, हे लक्षात असू द्या. डब्याचा डावीकडचा कप, म्हणजे आट्यांचं झाकण, काढा आणि तुमसरच्या कुठल्याही लेथवाल्याकडे न्या, तो थ्रेड गेज लावून लगेच सांगेल. उजवा कप अजिबात उघडू नका. इंग्रजी फ्रेममध्ये त्याचे आटे उलटे असतात, छिन्नी-हातोड्याने चुकीच्या दिशेला ठोकला की डबा कायमचा जातो. डबा ७० मिलिमीटरचा आणि कप ३६ मिलिमीटरचा निघाला तर फ्रेम इटालियन.

याच वेळी डब्याच्या खालचा भाग साफ करा. तिथे ग्रीस आणि चिखलाचा थर असतो, नंबर बहुतेक वेळा त्याखाली किंवा ड्रॉपआउटवर असतो. रॉकेल आणि दाताचा जुना ब्रश वापरा, तारेचा नको. मग खडूची पूड चोळून फडक्याने पुसा, खाचेत राहिलेली पूड आकडे दाखवते. पुढचा चिमटा काढलात तर त्याच्या दांड्यावरही नंबर शोधा. बरेच इंग्रज कारागीर फ्रेमचा आणि चिमट्याचा नंबर एकच ठोकायचे. दोन्ही जुळले तर चिमटा मूळचा.

हिरवा रंग काढायची घाई करू नका, ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंग तर नकोच. रात्री खोलीत अंधार करून नळीला जवळजवळ टेकवून टॉर्च धरा. जुन्या अक्षरांच्या कडा रंगाखालूनही सावली टाकतात. हेडची नळी, सीटची नळी आणि खालची तिरपी नळी सावकाश पाहा, दिसेल ते कागदावर उतरवा. बिल्ल्याच्या दोन भोकांमधलं अंतरही लिहून ठेवा, पुढे एखादा बिल्ला जुळवायला ते लागेल.

माळ्यावरची अडगळ पुन्हा एकदा चाळा. मूळ चेनव्हील सापडलं तर काम बरंच सोपं होईल: बगळ्याचं डोकं असलं तर रॅले, पंजा असला तर रज, BSA ही अक्षरं असली तर बीएसए, या दोन्ही इंग्रज कंपन्याच. मागचं जुनं हब सापडलं आणि त्यावर स्टर्मी-आर्चर हे गियरचे हब बनवणाऱ्या इंग्रज कंपनीचं नाव असलं तर शेजारी वर्षाचे दोन आकडेही पाहा. आबाजींच्या कागदांत सायकलचा कर भरल्याची पावती किंवा बिल्ला असेल तर तोही जपून ठेवा, पावतीवर साल असतं.

घरची गोष्ट मी नाकारत नाही. तुमच्या भागातल्या खाणी आधी इंग्रज कंपनीच्याच होत्या, आजची मँगनीज खाणींची कंपनी मॉइल १९६२ मध्ये उभी राहिली. साहेब लोक जायचा काळ आणि तुमच्या ड्रॉपआउटचा, पट्ट्याच्या खुणेचा काळ एकमेकांशी जुळतो. आज फोटोंवरून मी एवढंच म्हणेन की ही १९४५ ते १९६० मधली हलकी इंग्रजी फ्रेम असावी, मोठ्या कारखान्याच्या साध्या मालापेक्षा वरची, कदाचित एखाद्या छोट्या कारागिराची.

ब्रेकच्या भोकापासून एक्सलपर्यंतचं माप, सीटच्या नळीचं माप, ड्रॉपआउटमधलं अंतर, बीबीचे आटे आणि नंबर, हे पाच आकडे पाठवा. तोवर ती गावठी मागची रिम काढून ठेवा, टायर त्या नळ्या रोज थोड्या थोड्या खातो आहे. आणि भंगारवाला किंवा नागपूरचा कुणी हौशी दारात आलाच, तर हे आकडे हाती येईपर्यंत त्याला सायकल देऊ नका.